एकाच तळ्यातली कासवं चाळीस-पन्नास वर्षं मोजत बसून नेमकं मिळतं काय?

शेवाळलेला_दगड

मंडळी, गोड्या पाण्यातल्या कासवांवरच्या संशोधनाबद्दल वाचत होतो आणि एका ठिकाणी अडकलो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाचं ई. एस. जॉर्ज रिझर्व्ह म्हणून एक राखीव क्षेत्र आहे, तिथे १९५३ पासून कासवांना खुणा करून परत सोडतायत आणि पुढच्या वर्षी परत पकडतायत. २०१६ मध्ये तिथे ब्लँडिंग्ज टर्टल जातीची एक मादी सापडली जिला पहिली खूण १९५४ साली केली होती, म्हणजे बासष्ट वर्षांनी तीच बाई परत हजर, आणि वय किमान ८३ असणार म्हणतात. वाचून भारी वाटलं हे खरं, पण मग डोक्यात आलं की हे सगळं करून मिळतं काय? म्हणजे कासव जास्त जगतं हे तर शेंबड्या पोरालाही माहितीये. तीन-चार वर्षं नीट डेटा गोळा केला, चांगलं मॉडेल बसवलं तर तेच उत्तर येणार नाही का? पिढ्यानपिढ्या लोकं त्याच चिखलात उतरतायत, ग्रँट मागतायत, पीएचड्या होतायत, आणि शेवटी निष्कर्ष काय तर कासवं कमी होतायत.

आणि दुसरं, सगळीकडे लिहिलेलं असतं की रॅकून, कोल्हे वगैरे बहुतेक घरटी फस्त करतात. मग उपाय सरळ आहे ना, अंडी उचला, पिल्लं वाढवा, सोडा. यात एवढं पन्नास वर्षं अभ्यासण्यासारखं काय आहे? टोमणा नाहीये, खरंच समजून घ्यायचंय. इथे कोणी या विषयातलं असेल तर सांगा.

लॉगस्केल

फील्डवर मी कधी उतरलेलो नाही, या असल्या डेटाचं गणित करणं एवढंच माझं काम, त्यामुळे गणिताच्या बाजूने बोलतो.

तुझा तीन-चार वर्षांवाला मुद्दा आधी घेऊ. तू म्हणतोस त्याच जागेवर ब्लँडिंग्जच्या प्रौढ माद्यांचा वार्षिक जगण्याचा दर साधारण ९६ टक्के निघाला. आता समज दुसऱ्या एखाद्या तळ्यात तो ९३ टक्के आहे. ऐकायला दोन्ही छानच वाटतात, फरक तीनच टक्क्यांचा. शंभर माद्या घे आणि तीन वर्षं थांब. पहिल्या तळ्यात उरतात साधारण ८८, दुसऱ्यात ८०. हा आठाचा फरक तुला दिसेल का? अजिबात नाही, कारण दरवर्षी सगळ्या माद्या सापळ्यात येतच नाहीत. वर्गात हजेरी घेताना पोरगं दिसलं नाही म्हणजे त्याने शाळा सोडली असं होत नाही, तसंच हे. एखादी मादी सलग काही वर्षं सापडत नाही आणि मग एक दिवस आरामात सापळ्यात बसलेली असते. त्यामुळे 'जिवंत आहे पण सापडली नाही' आणि 'मेली' या दोन गोष्टी वेगळ्या काढायला लागतात आणि त्यासाठी जी मॉडेल्स वापरतात, कॉरमॅक-जॉली-सीबर वगैरे, त्यांना खाद्य एकच लागतं, ते म्हणजे वर्षानुवर्षांचा पकडल्याचा इतिहास. मॉडेल बसवलं की काम झालं असं म्हणतोस ना, पण त्या मॉडेलच्या पोटात घालायला काही नसेल तर ते तुला ९३ काय आणि ९६ काय, 'नव्वदच्या आसपास असेल बुवा' एवढंच सांगतं.

आता तीच दोन तळी वीस वर्षं बघ. पहिल्यात मूळच्या शंभरातल्या ४४ उरतात, दुसऱ्यात २३. आता फरक दिसतो, आणि दिसतो तोवर उशीर झालेला असतो कारण या जातीची मादी पहिल्यांदा अंडी घालते तीच मुळी १४ ते २० वर्षांची झाल्यावर. एक पिढी धरतात साधारण ३७ वर्षांची. म्हणजे एखाद्या संशोधकाने नोकरीला लागल्यावर काम सुरू केलं आणि रिटायर झाला तरी त्याने जेमतेम एक पिढी बघितली. उंदरांवर काम करणारा माणूस पीएचडीत जेवढ्या पिढ्या बघतो तेवढ्या बघायच्या तर इथे काही शतकं लागतील.

तिथलंच स्नॅपिंग टर्टलचं गणित आणखी बोलकं आहे. जस्टिन काँग्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ च्या पेपरमध्ये काढलं की मोठ्या कासवांचा वार्षिक मृत्यूदर १० टक्क्यांनी वाढला आणि त्याची भरपाई दुसरीकडून झाली नाही तर वीस वर्षांच्या आत प्रौढांची संख्या निम्मी होते. त्यासाठी बेफाम शिकार व्हायची गरज नाही, दरवर्षी थोडी थोडी पुरते.

बेडूकराव

मी जरा उलटं बोलतो. माझं काम बेडकांवर आहे, आणि आमच्याकडेही ही लाँग-टर्म भक्ती आहेच. वरचं गणित मान्य, पण 'चाळीस वर्षं चालू आहे म्हणजे चांगलंच असणार' असं जे वातावरण असतं ते मला पटत नाही. कित्येक ठिकाणी मूळ प्रश्नच नसतो. दरवर्षी सापळे लावायचे, मापं घ्यायची, वहीत भरायचं, कारण गेल्या वर्षी केलं होतं म्हणून. आणि पद्धत मधेच बदलते. आधी एक प्राध्यापक हाताने पकडायचे, मग दुसरे आले त्यांनी जाळी लावली, मग तिसऱ्यांनी जागाच वाढवली. मग ती तीस वर्षांची रेघ खरंच एक रेघ आहे की तीन तुकडे चिकटवलेत? शिवाय जी प्रोजेक्ट्स टिकली त्यांचीच नावं आपण घेतो. पाचव्या वर्षी पैसा संपून बंद पडलेली किती असतील ते कोण मोजतंय.

लॉगस्केल

पद्धत बदलते हा मुद्दा बरोबर आहे, आम्हाला त्याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो. म्हणूनच किती सापळे, किती रात्री, कुठे, हे लिहून ठेवणं हे कासव मोजण्याइतकंच महत्त्वाचं. ते लिहिलेलं असेल तर तुकडे जोडता येतात, नसेल तर खरंच काही करता येत नाही.

पण प्रश्न आधी ठरलेला नसतो म्हणून काम वाया जातं हे मला पटत नाही, उलट इथे तोच फायदा झालाय. मिशिगनमध्ये १९५३ ला ओवेन सेक्स्टन यांनी सुरुवात केली तेव्हा रॅकूनच्या कातड्याचा बाजार कोसळल्यावर काय होतं असा प्रश्न कोणाच्या डोक्यात असायचं कारणच नव्हतं. पण काँग्डन यांच्या १९९३ च्या पेपरमध्ये नेमकं तेच आलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर ब्लँडिंग्जची घरटी वाचण्याचं प्रमाण अक्षरशः तळाला गेलं, काही वर्षी तर एकसुद्धा घरटं शिल्लक नाही. अंदाज असा की कातड्याचे भाव पडले, रॅकून पकडणारे घरी बसले, रॅकून वाढले आणि त्यांनी अंडी खाल्ली. आता गंमत बघ, या काळात तळ्यावर कोणी तीन वर्षांचा सर्व्हे केला असता तर त्याला मोठी कासवं आधीइतकीच दिसली असती. ओंडक्यांवर उन्हं खात बसलेली, धष्टपुष्ट. रिपोर्टमध्ये 'संख्या स्थिर' असं आलं असतं. आणि खरं म्हणजे खालून भरतीच, म्हणजे नवी पिल्लं मोठी होऊन येणंच, बंद झालेली.

कानसवाली

मी काही सीझन अशा एका प्रोजेक्टवर फील्ड असिस्टंट होते (जागा सांगत नाही, का ते नंतर सांगते). वर दोघं आकड्यांबद्दल बोलतायत म्हणून मी जरा हे आकडे येतात कुठून ते सांगते कारण त्याशिवाय दीर्घकालीन म्हणजे काय हे कळतच नाही.

सापळा म्हणजे गोल कड्यांवर ताणलेली नळीसारखी जाळी, तोंडाशी आत वळलेलं नरसाळं, आत भोकं पाडलेला सार्डिन माशांचा डबा. जाळीचा वरचा भाग पाण्याच्या वर राहिलाच पाहिजे, त्यासाठी आत रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या अडकवतात, नाहीतर कासव आत गुदमरून मरतं. रात्रीत पाऊस झाला, पाणी चढलं की पहाटे आधी पळत तिकडे जायचं. कासव बाहेर काढलं की पहिलं काम खूण बघणं. कवचाच्या कडेला जे छोटे खवले असतात ना ओळीने, त्यांच्यावर त्रिकोणी कानशीने खाच पाडलेली असते. कुठल्या बाजूच्या कितव्या खवल्यावर खाच आहे त्यावरून नंबर. तुझ्या त्या ८३ वर्षांच्या मादीचं नाव काय आहे माहितीये? ३आर११एल. म्हणजे उजवीकडचा तिसरा आणि डावीकडचा अकरावा खवला. फ्रेड केगल यांनी १९३९ साली ही पद्धत छापली तेव्हापासून फारसं काही बदललेलं नाही, कारण बदलायची गरजच पडली नाही. कानस स्वस्त असते, बॅटरी लागत नाही, आणि साठ वर्षांनी ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसालाही बोट फिरवून खाच कळते.

नवीन कासव असेल तर खाच आपण पाडायची. एकाने कासव घट्ट धरायचं, दुसऱ्याने घासायचं, नखं घासल्यासारखा कोरडा आवाज येतो आणि पांढरी भुकटी पडते. पोट आणि पाठ जिथे जोडलेली असते तिथल्या खवल्यांना हात लावायचा नाही. मग कॅलिपरने पोटाच्या कवचाची लांबी, वजन, नर की मादी. मादी असेल तर तिला उभी धरून मागच्या पायांच्या पुढच्या खोबणीत बोट घालून अंडी लागतात का बघायचं. लागली तर काही प्रोजेक्ट्सवर तिचा एक्स-रे काढतात, अंडी पांढऱ्या गोट्यांसारखी स्पष्ट मोजता येतात आणि मादीला काही होत नाही. विसाव्या वर्षी किती अंडी, चाळिसाव्या वर्षी किती, हे असं एकेका मादीचं जमा होत जातं.

घरट्यांचं काम सगळ्यात वाईट. मादी संध्याकाळी जमिनीवर येते, तुम्ही लांब झुडपात डास खात बसायचं, हलायचं नाही, टॉर्च लावायचा नाही. तिने खड्डा खणला, अंडी घातली, माती दाबली आणि गेली की मग जागा नोंदवायची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी उकरलेली माती आणि कडेला आत वळलेली, वाळत चाललेली अंड्यांची टरफलं. पहिल्या एक-दोन रात्रींतच बहुतेक कारभार आटोपतो. जाळी ठोकली तर वाचतं, पण मग तुम्ही निसर्गातला घरटी वाचण्याचा दर मोजत नाही आहात, जाळीचा मोजताय. त्यामुळे काही घरटी मुद्दाम उघडी ठेवायला लागतात. हे करताना बरं वाटत नाही एवढंच सांगते.

बेडूकरावांना एक सांगायचं होतं, पद्धत तीच ठेवणं हे बोलायला सोपं आहे. आमच्याकडे सार्डिनऐवजी दुसरं काहीतरी स्वस्त आमिष वापरायचं का यावर जे भांडण झालं ते मी विसरणार नाही. शेवटी सार्डिनच राहिली, कारण आमिष बदललं तर पुढच्या वर्षी कासवं कमी आली की त्यांना चव आवडली नाही हे कोण सांगणार.

शेवाळलेला_दगड

बाप रे, एवढं डिटेलमध्ये येईल वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. बराचसा उजेड पडला. पण माझा दुसरा प्रश्न अजून तिथेच आहे. रॅकून अंडी खातात, भरती बंद होते, मग अंडी गोळा करून पिल्लं वाढवून सोडली तर हे सगळं सुटत नाही का? चाळीस वर्षं वाट बघण्यापेक्षा पुढच्याच वर्षी चालू करता येईल.

संथ_वाहते

सुटत नाही, निदान एकट्याने नाही. यातच या सगळ्या लांबलचक अभ्यासांचा खरा उपयोग झाला असं माझं मत आहे.

कासवाच्या आयुष्याचा हिशोब असा आहे की अंडी आणि पिल्लं ढिगाने मरतातच, नेहमीच मरत आलीत, ऑस्ट्रेलियात मरे नदीकाठी तर बाहेरून आणलेल्या कोल्ह्यांमुळे ९० टक्क्यांच्या वर घरटी जातात असं दिसलंय. कासवाने ते पचवलं कशाच्या जोरावर, तर मोठी मादी एकदा मोठी झाली की तिला मारणारं फारसं कोणी नसतं, ती तीस-चाळीस-पन्नास वर्षं अंडी घालत राहते आणि त्यातल्या एखाद-दोन चांगल्या वर्षांत तिची जागा घेणारं पिल्लू निघून जातं. या हिशोबात सगळा भार मोठ्या मादीवर. तू हजार पिल्लं सोड, ती पंधरा वर्षं जगली पाहिजेत, आणि तोवर दरवर्षी रस्ता ओलांडताना किंवा जाळ्यात अडकून चार मोठ्या माद्या जात असतील तर पिल्लं मोठी होईपर्यंत तळं रिकामं. सेलिना हेपेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हेच मॉडेलवर दाखवलं होतं, की मोठ्यांचे मृत्यू थांबवले नाहीत तर पिल्लं वाढवून सोडण्याने घट भरून निघत नाही. आणि त्या मॉडेलमध्ये घालायला जगण्याचे दर आले कुठून? तर अशाच कानशीवाल्या प्रोजेक्टमधून.

रस्त्याचं तर आणखी वाईट. रस्त्यावर येतात त्या जास्त करून माद्या, कारण अंडी घालायला कोरडी, उघडी जमीन शोधत त्याच बाहेर पडतात, आणि रस्त्याच्या कडेचा मुरूम त्यांना आवडतो. अमेरिकेत जिथे रस्ते दाट आहेत तिथल्या तळ्यांत नरांचं प्रमाण जास्त निघालंय. म्हणजे मोजायला गेलास तर कासवं भरपूर दिसतील, पण त्यातली अर्ध्याहून जास्त अंडी न घालणारी.

पिल्लं सोडूच नयेत असं मी म्हणत नाहीये हां. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं वेस्टर्न स्वॉम्प टर्टल पार संपायला आलं होतं, तिथे पिंजऱ्यात पैदास करून सोडणं आणि सोबत कोल्हे अडवायला कुंपण, दोन्ही केलं, आणि ते गरजेचंच होतं. पण ते औषध तिथलं आहे, सगळीकडचं नाही. फोटो छान येतात, पिल्लू तळहातावर मावतं, पेपरात बातमी येते, म्हणून पैसा तिकडे पटकन जातो. रस्त्याखालून बोगदा करायला कोणी फीत कापायला येत नाही.

बेडूकराव

बरं, मोठी मादी वाचवा हे मान्य. पण मग एखादं संकट आलं, मोठी कासवं गेली, तर उरलेल्यांना खाणं जास्त, जागा जास्त, ती जास्त अंडी घालतील आणि भरपाई होईल ना? बेडकांत होते. माशांत तर सगळी मासेमारीच या भरवशावर चालते.

संथ_वाहते

हा प्रश्न विचारलास ते बरं झालं, कारण याचं उत्तर एका तळ्याने दिलंय. कॅनडात ओंटारिओमध्ये अल्गॉन्क्विन पार्क आहे, तिथे १९७२ पासून स्नॅपिंग टर्टलचा अभ्यास चालू आहे, ग्वेल्फ विद्यापीठाच्या रोनाल्ड ब्रुक्स यांनी तो कित्येक वर्षं चालवला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात काही हिवाळे असे आले की पाणमांजरांनी बर्फाखाली सुस्त पडलेली मोठी कासवं खायचा सपाटा लावला. ही कासवं हिवाळ्यात तळाशी पडून असतात, पळता येत नाही, चावता येत नाही. दोन-तीन वर्षांत प्रौढांची संख्या निम्म्याच्या आसपास कोसळली. माणसाचा काही हात नाही, शुद्ध नैसर्गिक अपघात. पण संशोधकांच्या दृष्टीने हा असा प्रयोग होता जो मुद्दाम करायची कोणाची हिंमत झाली नसती, आणि आधीची पंधराएक वर्षं सगळ्या कासवांच्या नोंदी हातात होत्या.

आता तुझ्या म्हणण्याप्रमाणे भरपाई व्हायला हवी. १९९१ च्या पेपरमध्ये लिहिलं की उरलेल्या माद्यांनी जास्त अंडी घातली नाहीत, पिल्लंही जास्त वाचली नाहीत. लोक म्हणाले थांबा अजून, वेळ लागेल. थांबले. २३ वर्षांनंतरचा हिशोब २०१८ मध्ये छापून आला, आणि तेव्हाही संख्या सावरल्याचा काही पुरावा नाही. १९९५ ला काम बंद केलं असतं तर आजही लोक 'सावरेल हळूहळू' म्हणत बसले असते. आणि ओंटारिओ सरकारने २०१७ मध्ये स्नॅपिंग टर्टलच्या शिकारीवर बंदी घातली त्यावेळी अशी आकडेवारी हाताशी होती, नुसती हळहळ नव्हती.

बेडूकराव

ओके, हे मात्र जबरदस्त आहे. मागे घेतो असं नाही म्हणणार पण आता आवाज थोडा कमी करतो.

चहाटळ_पेशी

मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे, मधेच घुसतेय, सॉरी. कासवं म्हातारीच होत नाहीत असं काहीतरी सारखं फिरत असतं, २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये पण आलं होतं ना? ते खरं आहे का? कारण मोठी मादी वाचवा या मुद्द्याचा जीव त्यातच आहे असं मला वाटतं, ती म्हातारी होऊन अंडी घालायची बंद झाली तर मग काय उपयोग.

लॉगस्केल

म्हातारी होतच नाहीत हे मथळ्यापुरतं. त्या वर्षी दोन पेपर एकदमच आले. एकात प्राणिसंग्रहालयातल्या ५२ जातींची आकडेवारी होती आणि त्यातल्या साधारण पाऊण जातींत वयाबरोबर मृत्यूदर वाढण्याचा वेग फारच कमी किंवा जवळपास शून्य निघाला. दुसऱ्यात जंगलातल्या सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या ७७ जाती होत्या. लक्षात घे, म्हातारपणाचा वेग कमी म्हणजे अमर नव्हे. दरवर्षी मरण्याची शक्यता तेवढीच राहिली तरी शेवटी कधीतरी नंबर लागतोच.

आणि लांब पल्ल्याचे अभ्यास इथे एकमेकांशी भांडतात, ते मला जास्त आवडतं. मिशिगनच्या ब्लँडिंग्जमध्ये म्हाताऱ्या माद्या तरुण माद्यांपेक्षा चांगल्या निघाल्या, अंडीही जास्त आणि जगण्याचा दरही जास्त. पण मिसिसिपी नदीतल्या एका बेटावर फ्रेडरिक जॅन्झन यांचा पेंटेड टर्टलचा अभ्यास आहे, १९८८ पासूनचा, त्यावरून २०१६ मध्ये दाखवलं की जंगलातली कासवं म्हातारी होतात. वयाबरोबर मृत्यूदर वाढतो आणि म्हाताऱ्या माद्यांच्या अंड्यांतून पिल्लं बाहेर येण्याचं प्रमाण घसरतं. ब्लँडिंग्ज आणि पेंटेड एकाच कुटुंबातली आहेत हां, तरी असं. त्यामुळे 'कासवं म्हातारी होतात का' याला एक उत्तर नाही, कुठली जात ते सांग आधी.

बेटावरचीच आणखी एक गोष्ट. पेंटेड टर्टलमध्ये पिल्लू नर होणार की मादी हे घरट्यातल्या तापमानावर ठरतं, गार राहिलं तर नर, गरम राहिलं तर मादी. जॅन्झन यांनी १९९४ मध्ये दाखवलं की जुलैच्या सरासरी तापमानावरून त्या वर्षीच्या पिल्लांतलं नर-मादीचं प्रमाण बरंचसं सांगता येतं, आणि तापमान ४ अंशांनी चढलं तर नर जन्मायचेच थांबतील. एका उन्हाळ्याच्या डेटावरून हे कसं काढणार? थंड वर्षंही लागतात, गरम वर्षंही लागतात, आणि ती आपण मागवू शकत नाही, येतील तेव्हा तिथे हजर असावं लागतं. दुष्काळाचं पण तसंच. दक्षिण कॅरोलिनात व्हिट गिबन्स यांनी १९६७ पासून जे काम केलं त्यात एलेंटन बे नावाचं तळं दुष्काळात आटलं तेव्हा दिसलं की स्लायडर जातीची कासवं उठून दुसरं पाणी शोधायला निघतात, तर चिकन टर्टल जवळच जमिनीत गाडून घेऊन पाण्याची वाट बघत बसतात. ज्याने फक्त त्या वर्षी मोजलं त्याला दोन्ही 'नाहीशी' दिसणार.

चहाटळ_पेशी

मस्त. मग पिल्लांचं काय, अंड्यातून निघाल्यापासून मोठं होईपर्यंत किती जगतात ते कसं मोजतात? सापळ्यात येतात का ती?

कानसवाली

जवळजवळ येतच नाहीत. हे या सगळ्या क्षेत्राचं दुखणं आहे. नाण्याएवढं पिल्लू गवताळ उथळ पाण्यात शिरलं की गेलं, पुन्हा दिसतं ते दहा वर्षांनी किंवा कधीच नाही. आमच्याकडे पिल्लांना नखं कापायच्या छोट्या कटरने खाच पाडायचे, ढिगाने पिल्लांना खुणा केल्या, परत आलेली मोजकीच. वर ज्या १९९३ च्या पेपरचं नाव आलंय त्यातही पिल्लांच्या जगण्याचा दर थेट मोजलेला नाही, मोठी किती जगतात आणि घरटी किती वाचतात यावरून उलटा हिशोब केला की संख्या स्थिर राहायची तर पिल्लं वर्षाला किती जगायला हवीत, आणि आकडा ७० टक्क्यांच्या वर निघाला. म्हणजे पिल्लांनाही वाटतं तेवढं मरून चालत नाही. आता रेडिओ ट्रान्समीटर इतके छोटे आलेत की पिल्लांवर चिकटवता येतात, पण बॅटरी काही आठवड्यांतच संपते.

शेवाळलेला_दगड

खाचेबद्दल एक राहिलं. कासव वाढतं तशी खाच भरून येत नाही का? आणि रॅकूनने कड चावली तर नंबरच बदलायचा की.

कानसवाली

बरोब्बर पकडलंस. तरुण कासवांत खाच उथळ असेल तर वाढताना पुसट होते, म्हणून प्रत्येक वेळी पकडल्यावर गरज असेल तर परत घासून घेतात. मोठ्यांत टिकते. चावल्याचा तुटका भाग खडबडीत आणि वाकडा असतो, कानशीची खाच स्वच्छ इंग्रजी व्ही सारखी, सवय झाली की बोटाला कळतं. तरी भरवसा नको म्हणून आता पोटाच्या कवचाचा फोटो काढतात, त्यावरचे काळे डाग बऱ्याच जातींत प्रत्येकाचे वेगळे असतात, आणि कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी पिट टॅग चिप घालतात. चिप बिघडली तर खाच, खाच बिघडली तर फोटो. खवल्यावरची वर्तुळं मोजून वय काढतात असं कोणी सांगितलं तर तरुण कासवापुरतं ऐक, मोठ्या कासवात ती झिजून गुळगुळीत होतात आणि नवीन पडायची जवळपास थांबतात. म्हणूनच ३आर११एलचं वय 'किमान ८३' असं लिहितात. १९५४ ला ती आधीच मोठी होती.

आणि जागा का सांगत नाही म्हणाले होते ना, ते चोरट्यांमुळे. पाळायला म्हणून गोड्या पाण्यातल्या कासवांचा चोरटा बाजार मोठा आहे, आणि पेपरमध्ये छापलेल्या नकाशावरून लोक तळ्यापर्यंत पोचलेत. एका रात्रीत कोणी वीस मोठ्या माद्या उचलल्या तर वर लॉगस्केलने केलेला सगळा हिशोब तिथेच संपतो. त्यामुळे आता बरेच जण पेपरात अक्षांश-रेखांश देतच नाहीत. तू कुठल्या प्रोजेक्टवर व्हॉलंटियर म्हणून गेलास तर दोन गोष्टी: एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना बूट आणि जाळी जंतुनाशकाने धुवायची, रानाव्हायरस नावाचा कासवं-बेडकांना मारणारा विषाणू असाच पसरतो, आणि कासवाचा फोटो टाकायचाच असेल तर मोबाईलचं लोकेशन आधी बंद कर.